फुसीमावशीचा नंबर

गॅरेज सोडून बाकी सगळं घर रिकामं झालं होतं. पडदे शेजारणीला गेले, फ्रीज चर्चमधल्या एका नव्या जोडप्यानं उचलला, मोठ्या पेट्या बंदरावर जाऊन जहाजात चढल्यासुद्धा. उद्या सकाळचं विमान. आणि तोआकासे आपली दिवसातून दहादा गॅरेजपर्यंत जायची, कडीला हात लावायची आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून मागे फिरायची.

सेमिसीच्या ते लक्षात आलं होतं. नवरा भोळा होता, पण इतकाही नाही.

"आत भूत बसलंय का?" तो म्हणाला. "उद्या घरमालकाला चाव्या द्यायच्यात."

"बघते ना मी. तू आपलं मागचं गवत काप."

आत भूत नव्हतं, न्गातू होतं. झाडाची साल बडवून, थरावर थर चिकटवून, तांबड्या-काळ्या रंगानं नक्षी घासून केलेलं कापड. टोंगा बेटांवरच्या माणसाला लग्नात तेच लागतं, बारशाला तेच, आणि माणूस गेलं की त्याच्या अंगाखाली-अंगावरही तेच. ते दुकानात मिळत नाही आणि एकट्या बाईला करता येत नाही. म्हणून ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या या गॅरेजात पाचजणी मिळून ते करायच्या, अगदी भिशीसारखे नंबर लावून. जिचा नंबर असेल तिनं साल आणायची आणि सगळ्यांना जेवू घालायचं; बाकीच्यांनी शनिवार-शनिवार येऊन हात चालवायचे. कापड तिचं. मग पुढचीचा नंबर.

हे जे कापड घडी घालून लांब फळीवर ठेवलं होतं, त्याच्या वेळी नंबर फुसीमावशीचा होता.

फुसीमावशी म्हणजे गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा. किडन्या गेलेल्या, एक दिवसाआड दवाखान्यात मशीनला जोडून घ्यावं लागायचं. अंगात काही उरलं नव्हतं, जीभ तेवढी शाबूत होती. तिच्या भावजयीनं टोंगातल्या वावाऊ बेटावरून बोटीनं सालीचे दोन गठ्ठे पाठवले होते. काय साल होती, पांढरीशुभ्र, हाताला मऊ.

"हे मला कशाला हवंय ते विचारू नका," मावशी बायकांना म्हणायची, आणि कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगायची. "माझा पोरगा तिकडे पर्थला खाणीत. मी मेले की येईल आणि विमानातून आणलेलं पांघरूण टाकेल माझ्यावर. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणतील आणि लोक खाली वाकून कंपनीचं नाव वाचतील."

बायका हसून हसून बेजार व्हायच्या. मावशीही हसायची. पण तिचं म्हणणं खरं होतं आणि सगळ्याजणींना ते कळत होतं. चारचौघांकडून मागून आणलेल्या कापडात तिला जायचं नव्हतं. एवढी एकच हौस म्हणा, हट्ट म्हणा, उरला होता.

आणि ईस्टरच्या सुमाराला तोआकासे तिच्याकडे गेली होती. सेमिसीच्या थोरल्या बहिणीचा, लाटूचा, गावाहून फोन आला होता. लाटूच्या मुलीचं लग्न ठरलेलं. मामाच्या घरून न्गातू आलं नाही तर लाटू काय बोलेल, हे तोआकासेला चांगलं ठाऊक होतं. थोरल्या बहिणीपुढे खुद्द सेमिसी मान वर करत नाही, तिथं त्याच्या बायकोची काय कथा.

"मावशी, तुझा नंबर मला दे. आणि सालसुद्धा. माझी साल वर्षअखेरच्या बोटीनं येतेय, ती सगळी तुझी. जानेवारीत तुझं कापड करू. गॅरेज कुठं पळून जातंय?"

मावशी म्हणाली होती, "जानेवारीपर्यंत मी पळून गेले नाही म्हणजे मिळवली. ने पोरी. लग्न आधी, मरण मागून."

आता खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी तोआकासेला माहीत होतं. सेमिसीचा बाप वारला होता, जमीन ओस पडली होती, आणि ख्रिसमसनंतर कायमचं गावी परतायचं हे नवरा-बायकोचं आदल्याच आठवड्यात ठरलं होतं. गॅरेज पळून जाणार हे तिला माहीत होतं. तिनं फक्त सांगितलं नाही. आधी म्हटलं, इतक्यात कुणाला कळायला नको. मग म्हटलं, साल आली की जाण्याआधी उरकून टाकू. आणि साल आलीच नाही. ती लाटूनं तिच्या स्वतःच्या सासऱ्यांच्या मयतीला कापड करून परस्पर वापरून टाकली. लाटूला विचारणार कोण? तोआकासेनं विचारलं नाही. मावशीला काय सांगायचं तेही सुचलं नाही, म्हणून तिनं त्या बाजूनं जाणंच बंद केलं. दुकानाला जायचं तर मागच्या रस्त्यानं वळसा घालून जायची.

बरं, ती गेल्यावर उरलेल्या करतील म्हणावं, तर तेही नाही. पाचजणींतली लेसिएली ब्रिस्बेनला गेलेली, एकजण रात्रपाळीला लागलेली, आणि गॅरेज नाही तर एवढी लांब फळी मांडायची कुठं? मंडळ मोडलं होतं. ते तिनंच मोडलं होतं.

गेल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण झालं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, डुक्कर, कसावा, पोरांचा दंगा, पुरुषांची भाषणं. प्रत्येक जण येऊन काही ना काही पुढ्यात ठेवून जात होता, आणि तोआकासे दाराकडे नजर ठेवून बसली होती. मावशी येऊ नये असं तिला वाटत होतं. आज मशीनचा दिवस असू दे, देवा, असं ती मनात म्हणत होती. चर्चमध्ये बसून काय मागत होती बघा.

मावशी आली. काळे कपडे, काठी, आणि काखेत गुंडाळलेली बारीक विणीची चटई. रेशमासारखी, किनारीला लाल लोकर. तिनं ती चटई तोआकासेच्या पायांशी उलगडली, काठीवर भार देऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"ही पोर माझी कुणी नाही. पण हिच्या गॅरेजात माझे हात रंगले, हिच्या घरी मी पोटभर जेवले. परक्या मुलखात आणखी काय हवं असतं? जा बाई. सुखानं जा."

घ्यायचं नाही म्हणायची सोय नव्हती. जाणाऱ्याला दिलेलं जाणाऱ्यानं घ्यायचंच असतं. नाही म्हटलं तर देणाऱ्याचं नाक कापल्यासारखं. तोआकासेनं चटईला कपाळ टेकवलं आणि जी रडायला लागली ती थांबेना. बायकांनी तिला जवळ घेतलं. "किती जीव आहे हिचा आपल्यावर," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तर तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मंगळवारी ती चटई इतर सामानाबरोबर पेटीत खिळे ठोकून गेली. राहिलं ते न्गातू, कारण ते लग्नाला वेळेवर पोचायला हवं म्हणून विमानानं बरोबर न्यायचं होतं.

"सेमिसी, मी ते न्गातू मावशीला देऊन येते," मागच्या अंगणात येऊन तोआकासे म्हणाली.

सेमिसी गवत कापायचं यंत्र बंद करून तिच्याकडे बघत राहिला. सगळी हकिकत त्याला ठाऊक होतीच. आधी तो चिडेल असं तिला वाटलं. पण त्यानं घाम पुसला आणि चक्क हसला.

"चल, मी व्हॅननं नेतो. जा, दे जा तिला."

"आणि लाटूताई?"

"अगं, म्हातारी घेणार आहे थोडीच? जुन्या वळणाची बाई ती. 'नको पोरी, लग्नघरी ने' म्हणेल, तुझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तुझं मन हलकं होईल, तिचा मान राहील, आणि कापड परत व्हॅनमध्ये. उगीच झुरत बसण्यापेक्षा हे बरं."

हे ऐकून तोआकासेनं त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. तिनं ऐकून घेतलं. आणि खोटं कशाला बोला, तिच्याही मनात अगदी हेच होतं. नवऱ्यानं ते तोंडानं म्हटलं इतकंच. तिनं न्गातू खांद्यावर घेतलं, व्हॅनमध्ये ठेवलं आणि रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसली.

मावशी पलंगावर पडली होती. कालच मशीनवरून आलेली, चेहरा मातकट. दंडावर पट्टी होती. खांद्यावरचं ओझं बघून ती कोपरावर उठून बसली.

"हे काय आणलंस?"

तोआकासे येताना शब्द जुळवत आली होती, ते सगळे गेले. "तुझं आहे," ती म्हणाली. "साल तुझी, नंबर तुझा. माझी साल आलीच नाही, मावशी. आणि मी मागायला आले होते ना, तेव्हाच आमचं जायचं ठरलेलं होतं. मला माहीत होतं."

"ते मला चर्चमध्ये कळलं. मेच्या महिन्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का बघत होते." मावशीनं उशी सारखी केली. "मागच्या रस्त्यानं दुकानाला जायचीस. माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून तो रस्ता दिसतो."

तोआकासे उभीच. न्गातूच्या भारानं खांदा भरून आला होता, पण खाली ठेवायचं भान नव्हतं. आता मावशी 'नको' म्हणेल, आता म्हणेल, अशी ती वाट बघत होती.

"ठेव," मावशी म्हणाली.

"कुठं?"

"गादीखाली. सगळ्यांच्या घरी असतं तिथंच. थांब, मी उठते. एक बाजू तू धर."

तोआकासेनं न्गातू खाली ठेवलं. लाटूचा चेहरा डोळ्यांपुढे आला, लग्नाचा मांडव आला, रिकाम्या हातानं उभा असलेला सेमिसी आला. मावशी पलंगाचा कठडा धरून उतरली. दोघींनी मिळून गादी उचलली.

खाली काही नव्हतं. टोंगाच्या बाईची सगळी दौलत गादीखाली असते. चटया, न्गातू, आयुष्यभरात आलेलं-गेलेलं सगळं. इथं नुसत्या लाकडी फळ्या होत्या. फक्त कडेला एका फळीवर लाल लोकरीचा एक धागा अडकला होता. तोआकासे त्या धाग्याकडे बघत राहिली. मावशीकडे एक चटई होती, एकच, आणि ती तिनं भर हॉलमध्ये हिच्या पायांशी घातली होती. ती आता समुद्रावर होती. परत आणायची कुठून?

"मावशी, ती चटई…"

"ती तुझी. चारचौघांत दिली ती दिली. जाणाऱ्याला द्यायचं असतं, मी दिलं. हे माझं आहे, हे मी घेते. दोन्ही वेगळं. सरकव लवकर, माझा हात भरून येतोय."

न्गातू फळ्यांवर पसरलं गेलं. वर गादी आली. मावशीनं चादरीच्या सुरकुत्या तळव्यानं नीट केल्या, मग धापा टाकत टेकून बसली. तोआकासेला वाटलं होतं, दिलं की सुटेन. सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं.

"तुला वाटलं होतं मी नको म्हणेन," मावशी म्हणाली.

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "हो," तोआकासे म्हणाली.

"चेहऱ्यावर दिसलं. 'ठेव' म्हटल्यावर कसा पडला." ती रागानं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. "मी नकोच म्हणणार होते गं. तुझी व्हॅन आली तेव्हाच कळलं, कापड घेऊन आली असणार. मी मनात म्हटलं, आणलं ना पोरीनं, पुष्कळ झालं. जाऊ दे लग्नाला. मी काय, पांघरुणात जाईन."

"मग?"

मावशीनं हनुवटीनं खिडकीकडे खूण केली. तोआकासेनं अर्धवट ओढलेला पडदा बाजूला केला. सेमिसी रस्त्याच्या कडेला व्हॅनमध्ये बसून होता, एक हात खिडकीबाहेर काढून. इंजिन चालूच होतं. मागचं दारही त्यानं लावलं नव्हतं, कापड परत ठेवायला उघडंच ठेवलं होतं.