कपाटातला सात नंबर

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. तुम्ही म्हणाल, हे काय वय झालं? पण आम्हा यंत्रांमध्ये सहा वर्षं म्हणजे काठी टेकायचं वय. त्यातून माझ्याजवळ वेळ थोडा आहे, म्हणून भराभरा सांगतो.

आम्ही दहा भावंडं एकाच खोक्यातून शाळेत आलो. मुख्याध्यापकांनी आमच्या पाठीवर नंबर चिकटवले. मी सात नंबर. त्या दिवशी मुलांनी आमच्याभोवती अशी झुंबड केली, की शिपाईकाका ओरडले, "अरे, नुसतं बघा, चाटू नका!"

विज्ञानाच्या बाईंनी मला मागून घेतलं ते एका मुलीसाठी. तिला सगळे बारकी म्हणत. बारकीला फार कमी दिसे. फळ्यावरची आकृती तिला नुसता धूर वाटे. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लावून बाई एकेक आकृती शब्दांत सांगत आणि मी त्यांचा आवाज जपून ठेवी. "बारके, मूत्रपिंड म्हणजे घेवड्याचं मोठ्ठं बी समज. अशी दोन, कण्याच्या दोन्ही अंगांना. आता कमरेच्या वर हात ठेव. सापडली जागा?" बारकी मला कानाशी धरून ऐके आणि खुदकन हसे. असे एकशे बारा धडे झाले. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग तीन नंबरच्या काचेला तडा गेला आणि मुख्याध्यापक घाबरले. "तपासणीला साहेब आले, की काय फुटक्या काचा दाखवू? आजपासून सगळे कपाटात!" माणूस वाईट नव्हता हो. त्यांनी आम्हाला मऊ फडक्यांत गुंडाळलं, कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्यासुद्धा ठेवल्या. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, आम्हाला बाहेर काढत, मुलांच्या हातात देत. "दाबू नका रे, नुसतं धरा!" फोटो झाला, की पुन्हा कुलूप. बॅटरी उपाशी राहून राहून माझं पोट फुगलं. काच एका कडेनं उचलली गेली.

मधल्या काळात बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या लिहून आणि खुणांनी बोलतात. त्यांचा आवाज फक्त माझ्यापाशी उरला आहे. तो दुसरीकडे उतरवून घ्यावा, हे कुणाला सुचलंच नाही.

बारकी आता शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे. परीक्षा नऊ दिवसांवर आली आहे. कालपर्यंत रोज ती कपाटापाशी येई.

"सर, सात नंबर द्या ना. इथंच बसून ऐकते."

"तपासणी होऊ दे गं. मग खुशाल उशाशी घेऊन झोप."

"बाई हातवारे करून शिकवतात, सर. मला हातवारे दिसत नाहीत."

सरांचा हात खिशाकडे गेला. किल्ली मात्र खिशातच राहिली.

आज तपासणी आहे. सकाळी कपाट उघडलं आणि मला पाहून सर दचकले. "हा तर फुगलाय! पेटायचा एखाद्या वेळी! काका, साहेब यायच्या आत भंगारात टाका." काकांनी मला मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरलं आणि व्हरांड्यातल्या पोत्यात टाकलं.

एवढ्यात बारकी आली.

"काका, सात नंबर निघाला का बाहेर?"

"तो बाद झाला, बाळा."

"बाद म्हणजे?"

"बाद म्हणजे... गेला."

ती अजून पोत्यापासून दोन पावलांवर उभी आहे. तिला मी दिसत नाही आणि मला हाक मारता येत नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी बरा होणार नाही; मला चार्जिंगलाही लावू नका. पण माझ्या डाव्या कडेला, एका छोट्या झाकणाखाली, नखाएवढं मेमरी कार्ड आहे. एकशे बाराच्या एकशे बारा धडे त्यात आहेत, अजून धडधाकट आहेत. काकांना सांगा, सरांना सांगा, जो मोठा माणूस दिसेल त्याला हाताला धरून आणा. तुमच्या शाळेतही असं एखादं कपाट असेल, तर तेही उघडायला लावा. पण आधी इकडे या. भंगारवाल्याची गाडी फाटकाशी लागली आहे आणि काका पोत्याचं तोंड बांधायला सुतळी शोधत आहेत.