कमानीखालची तोंडी परीक्षा

मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन अभ्यास केंद्रात तिला सगळे भेगाबाई म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं म्हणा. इतिहास आणि इंजिनिअरिंग अशा दोन विभागांत एकेक पाय ठेवून ती जुन्या दगडी कमानींना पडणाऱ्या भेगांवर प्रबंध लिहीत होती. केंद्राचं सभागृह म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचं प्रार्थनामंदिरच, त्यामुळे अभ्यासाला भेगही घरचीच मिळाली होती. मोठ्या कमानीच्या माथ्यापासून निघून ती तिरकी खाली उतरली होती.

या भेगेवर सरांचं अख्खं नाव उभं होतं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक आणि केंद्राचे संचालक. भेगेच्या आत खोलवर मेणबत्त्यांची काजळी बसली आहे, हे त्यांनी तरुणपणी शोधून काढलं होतं. काजळी आहे म्हणजे भेग मेणबत्त्यांच्या काळातली. आणि इतकी शतकं कमान पडली नाही, म्हणजे भेग झोपली. झालं! तेव्हापासून सरांची झोपलेली भेग परिषदा-परिषदांतून गाजत होती. जुनं म्हणजे संपलेलं, असं इतिहासवाल्यांना फार लवकर वाटतं.

ती शिडी लावून वर चढली, तेव्हा खालच्या टोकाशी तिला काजळी दिसेना. तिथला दगड आतून पांढराफेक होता, नुकत्याच मोडलेल्या खडूसारखा. म्हणजे भेग नुकतीच पुढे सरकली होती. तिने भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी चिकटवली. भेग हलली तर काच तडकते, एवढी साधी युक्ती. काच तडकली.

"झाडणाऱ्यांची शिडी लागली असेल," सर म्हणाले.

तिने दुसरी लावली. तीही तडकली.

"हवा बदलतेय गं. इतकं काय मनाला लावून घेतेस?"

मग ती इंजिनिअरिंगच्या मॅडमकडे गेली. त्या तिच्या दुसऱ्या मार्गदर्शक. शेजारी नव्या ग्रंथालयाच्या तळघरासाठी खोदकाम चाललं होतं, त्याने पाया खचत असेल, हे मॅडमना पटलंसुद्धा. पण इतक्या जुन्या वास्तूबद्दल तोंड उघडायचं तर आधी इतिहास विभागाने कळवलं पाहिजे, म्हणाल्या. इतिहास विभाग म्हणजे सरच. आणि सर म्हणाले, पायाबियाचं मॅडम बघतील. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत झाली.

"मग सर, प्रबंधात लिहू काय?"

"भेग स्थिर आहे, असं लिही आणि पदवी घेऊन मोकळी हो. शहाणपणा करायला उभं आयुष्य पडलंय."

तिने तसं लिहिलं. लिहिताना स्वतःचीच लाज वाटली, पण लिहिलं. वडिलांनी जन्मभर बस चालवली होती, आणि पोरगी डॉक्टर होणार, पण इंजेक्शनवाली नव्हे बरं का, हे ते डेपोत इतक्या जणांना सांगून बसले होते की आता माघार घेणं म्हणजे त्यांचं नाक कापणं.

केंद्राची एक रीत होती. तोंडी परीक्षा त्या कमानीखालीच व्हायची, आणि उमेदवाराच्या घरच्यांना पहिल्या रांगेचा मान असायचा. पहिली रांग नेमकी भेगेखाली येई. परीक्षेच्या दिवशी वडील कडक इस्त्रीच्या शर्टात तिथे बसले होते, शेजारी आई. वडिलांनी मान वर करून बघितलं.

"हीच का तुझी ती भेग? हात्तिच्या! एवढीशी?"

तिला हसू आलं नाही. काचेच्या पट्ट्या कुणीतरी काढून टाकल्या होत्या. पाहुण्यांना कशाला ठिगळं दाखवायची, असं सरांनीच सांगितलं होतं म्हणे. शेजारचं खोदयंत्र घरघरत होतं आणि खिडक्यांची तावदानं थरथरत होती.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या आणि खमक्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ही भेग आज हलते आहे का?"

"प्रबंधात स्पष्ट लिहिलंय," सर म्हणाले.

"मी उमेदवाराला विचारतेय."

तिच्या ओठांवर लिहिलेलंच वाक्य आलं होतं. तेवढ्यात वरून वडिलांच्या खांद्यावर चिमूटभर दगडाची भुकटी पडली. त्यांनी ती बोटांनी झटकली आणि तिच्याकडे बघून, चालू दे तुझं, अशी मान हलवली.

"हलते," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलंय."

मग तिने सगळं सांगितलं, पांढरा दगड, तडकलेल्या काचा, खोदकाम. सर हसले. "घाबरलीय बिचारी. होतं असं." मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या. परीक्षक बाई प्रबंधाची पानं उलटायला लागल्या. पुन्हा भुकटी पडली, या वेळी आईच्या केसांत, आणि लेकीचा धीर सुटला.

"बाबा, उठा! आईला घेऊन बाहेर पळा. आत्ताच्या आत्ता!"

वडिलांनी का म्हणून विचारलं नाही. बायकोचा हात धरून ते सरळ दाराकडे निघाले. आणि तिच्या पुराव्याने ज्यांची भुवईसुद्धा हलली नव्हती, ती सगळी माणसं पोरीने आईबापांना उठवलेलं बघून भराभरा उठली. मॅडम तर सगळ्यांच्या पुढे.

सर तेवढे बसून राहिले. ती दारातून परत वळली.

"सर, चला ना."

"मी बाहेर आलो, तर मग इतकी वर्षं मी सांगत काय होतो?"

त्यांचा आवाज इतका बारीक तिने कधी ऐकला नव्हता. तिला त्यांचा राग होता, भयंकर राग होता, आणि तरीही तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते नंतर बघू, सर. पाया पडते तुमच्या, उठा!"

सरांनी वर बघितलं. ती आत धावणार तोच वडिलांनी मागून तिचा दंड धरला आणि तिला ओढत अंगणात नेलं. ती हिसडे देत होती. आतून आधी खडे सांडल्याचा आवाज आला, आणि मग पायाखालची फरशी हादरली.

दारातून धुळीचा लोट बाहेर आला. तो खाली बसेपर्यंत ती सर, सर म्हणून हाका मारत होती. आतून कुणी ओ दिली नाही.