एकसष्ट जणांचा मान

एका मेलने शंभर ग्राहकांना निरोप धाडला, तरी एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसता कामा नये. विमा एजंटच्या ऑफिसात अंजली केदारेला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पत्ते बीसीसीच्या रकान्यात टाकायचे, झालं. आणि तेवढंसं काम गंगापूर रोडच्या त्या व्यसनमुक्ती केंद्राला जमू नये?

मेल वार्षिक मेळाव्याच्या आमंत्रणाचा होता. दारू सोडलेल्यांना आणि त्यांच्या पालकांना सप्रेम निमंत्रण, आणि वर एकसष्ट पत्ते उघडे, ओळीने. नववा तिच्या नवऱ्याचा, राकेशचा, नाव-आडनावासकट.

तीन वर्षं चार महिने राकेश थेंबाला शिवला नव्हता. शाळेची बस चालवायचा. सोमवारी मेल आला आणि बुधवारी शाळेचे मालक वाल्मीकअण्णा यांनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्याच्या हातातून बसची चावी काढून घेतली. केंद्राच्या यादीत तुझं नाव आहे, पोरांच्या जिवाशी खेळ नको, म्हणाले. तेव्हापासून राकेश घरातच बसून होता. संध्याकाळी चप्पल घालत जरा देवळाली कॅम्पात जाऊन येतो म्हणाला. त्याचा जुना बार त्याच वाटेवर. मलाही भाजी आणायचीय म्हणत ती त्याच्यासोबत गेली आणि नको असलेली दोन किलो वांगी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती केंद्रात धडकली. मेल पाठवणारे सोमनाथकाका स्वतः तिथूनच बरे झालेले, आता तिथलाच कारभार बघणारे. त्यांनी आधी तिला चहा विचारला. मग तिच्या मोबाइलवर राकेशला आलेला तो मेल बघून कौतुकाने सांगू लागले की यादी त्यांनीच लावली, वडीलधारे आधी, लग्नपत्रिकेत लावतात तशी. एखाद्याचं नाव राहिलं की माणसं रुसतात, आणि नावं लपवणं हा काय मान झाला?

अंजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, लग्नाची पत्रिका आहे का ही? तुमच्या मानापायी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली."

काका एवढेसे झाले. यादीत शेवटचं नाव त्यांचंच होतं. भलतंच झालं माझ्या हातून, असं पुटपुटत ते डोळे पुसायला लागले. आता या माणसावर ओरडायचं तरी कसं, याचाच तिला जास्त राग आला.

पण अण्णांना कळलं कसं? बाहेर स्टॉपवर तिने यादी पहिल्यापासून वाचली. तिसरा पत्ता वाल्मीकअण्णांचाच! त्यांचा मुलगा रवी वर्षभर बंगळूरला कोर्सला गेला होता, असं त्यांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. अस्सं. म्हणजे हा माणूस स्वतः त्याच पंगतीत बसून शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवतो! सगळ्यांसमोर वाभाडे काढायचे ठरवूनच ती शाळेत शिरली.

अण्णांच्या केबिनमध्ये दोन पालक बसले होते. शब्द ओठांवर आले, तेवढ्यात एक हडकुळा मुलगा फाइल घेऊन आला. अण्णांनी त्याला रवी म्हणून हाक मारली. फाइल ठेवताना त्याचा हात थरथरला. सुरुवातीच्या महिन्यांत राकेशच्या हातातला कप असाच हलायचा. अंजलीने शब्द गिळले, आणि रवी आणि पालक बाहेर जाईपर्यंत ती उभी राहिली.

"अण्णा, यादीत आमचं नाव नववं. तुमचं तिसरं."

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. कोणाकोणाला सांगितलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

"कोणालाच नाही. राकेशला परत घेतलं नाहीत, तरी सांगणार नाही. जे तुम्हाला जमलं नाही ते मला जमतं." तिने त्यांच्यासमोर तो मेल पुसून टाकला.

अण्णांनी रवी गेला त्या दाराकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडून त्यांनी बसची चावी टेबलावर ठेवली, आणि उद्या सहाला पाठव त्याला, म्हणाले.

अंजलीने चावीला हातही लावला नाही.

"ती मला नका देऊ. उद्या सहाला त्याच्या हातात द्या. घेतलीत तशीच, सगळ्या ड्रायव्हरांसमोर."