बाहेरगावची आवृत्ती

आमच्या घरात गुपित म्हणून काही राहत नाही. मी आमच्या ह्यांना "दूध उतू चाललंय" असं सांगितलं की समोरच्या इमारतीतली बाई आपला गॅस बंद करायला धावते. एवढं ओरडावं लागतं मला. आणि इतकं करून हे शांतपणे मान वर करणार आणि विचारणार, "काही म्हणालीस का?" नाही हो, गाणं म्हणत होते!

हे वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होते. उभा जन्म त्या धडधडीत गेला आणि कानही तिथेच राहिले. लेकीने मागे लागून त्यांना कानाचं यंत्र घ्यायला लावलं, तर ह्यांनी ते जेमतेम एक दिवस घातलं. "कपबशी ठेवली तरी कानात खिळा ठोकल्यासारखं होतं," म्हणाले, आणि यंत्र गेलं टेबलाच्या खणात. सवय व्हायला वेळ लागतो, रोज थोडं थोडं घाला, असं यंत्र देणाऱ्या बाईंनी चांगलं बजावलं होतं. पण ह्यांच्यापुढे कुणाचं चाललंय?

त्यातच ती बातमी आली. पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत: 'गेलेली श्रवणशक्ती परत येणार! नव्या इंजेक्शनने आशा पल्लवित.' ह्यांनी ती कात्रीने सरळ रेषेत कापली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि चेहरा असा काही खुलला की विचारू नका. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

"आता कशाला ते यंत्र? वाट बघू," हे म्हणाले. "छापून आलंय."

"छापून आलं म्हणजे खरंच असतं का?" मी ओरडले.

"मग आम्ही काय तिथे उभं राहून थापा छापत होतो?"

दुखावलेच हो. एक डाग पडलेली प्रत दिसली तरी मशीन थांबवणारा हा माणूस. छापलेल्या कागदावर शंका घेतली की त्यांना वाटतं, आपल्या हातांवरच घेतली. मी गप्प बसले. मी गप्प बसणं हीसुद्धा आमच्याकडे बातमीच म्हणायची.

मग माझा घसा बसला. आधी वाटलं सर्दी असेल. सर्दी गेली, आवाज काही परत येईना. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "आवाजाच्या पडद्यांवर बारीक गाठी आल्यात. साध्या आहेत, घाबरू नका. ओरडणं बंद केलंत तर जिरतील. नाही केलंत तर आवाज कायमचा जाऊ शकतो. घरात एवढं कुणावर ओरडता?"

"नवऱ्यावर," मी म्हटलं. डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

घरी आले तर हे दारातच उभे. "काय म्हणाले डॉक्टर?" आता सांगा, काय करायचं? ओरडायचं नाही, एवढं सांगायलाही मला ओरडायलाच हवं! मी हळूच म्हणाले, "आवाज जाईल म्हणतात." ह्यांना ओठ हललेले तेवढे दिसले. "चला, म्हणजे काळजीचं काही नाही," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मी आत जाऊन ओट्याशी उभी राहून रडले. लिहून दाखवता आलं असतं, नाही असं नाही. पण इतका संसार झाल्यावर बसल्या घरी नवऱ्याला चिठ्ठ्या लिहायच्या? माझाही हट्ट काही कमी नाही.

शेवटी लेकीला फोन करून कुजबुजत सगळं सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काम करते. रविवारी आली आणि बाबांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. तिचा आवाज मुळातच खणखणीत, अगदी बापाचा घेतलाय. "बाबा, कात्रण दाखवा बघू."

ह्यांनी कौतुकाने खिशातून काढून दिलं.

"खाली 'पान सातवर' लिहिलंय. पान सात कुठाय?"

पान सातने मी खिडकीची काच पुसली होती. लेकीने मग फोनवर बातमी काढली आणि उरलेली वाचून दाखवली. इंजेक्शन दिलं होतं उंदरांना. त्यातल्या काहींना थोडंफार ऐकू यायला लागलं होतं. माणसांना अजून दिलेलंच नव्हतं. द्यायचं ठरलं तर आधी त्रास होतो का ते बघणार, मग उपयोग होतो का ते बघणार, आणि त्यात काही वर्षं जाणार.

"घ्या!" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "म्हणजे तुमच्याआधी उंदीर ऐकणार माझं."

ह्यांचा चेहरा पार उतरला. माझं ह्यांना ऐकू गेलं नव्हतं, तरी उगाच बोलले असं झालं मला. "मग खोटंच छापलं की," हे हळूच म्हणाले.

"खोटं नाही हो, बाबा. दुकानात रोज कुणी ना कुणी असं कात्रण घेऊन येतं. परवा एका आजोबांनी चालू गोळ्याच बंद केल्या, नवीन औषध येणार म्हणून. मी सगळ्यांना एवढंच म्हणते, औषध कुणाला दिलं ते बघा. किती जणांना दिलं ते बघा. ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं तेही बघा. बातमी खरी असते, पण अभ्यास संपलेला नसतो."

ह्यांनी कात्रणाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे बाहेरगावची आवृत्ती."

"म्हणजे काय?"

"लांबच्या गावांचा अंक आम्ही आधी छापायचो. गाडी गाठायची असायची ना. इकडे सामना चालूच असायचा. 'संघ विजयाच्या उंबरठ्यावर' असं छापून गठ्ठे रवाना. आणि पुढे संघ हरायचा! निकाल शहराच्या अंकात. खोटं काही नसायचं त्यात. जेवढं घडलं तेवढं छापलेलं. पण त्याच्यावर पैज लावेल तो गाढव."

"आणि तुम्ही पैजेवर काय लावलंय, माहितीये?" लेक म्हणाली. "आईचा आवाज." आणि तिने डॉक्टरांचं सगळं बोलणं ह्यांच्या कानावर घातलं.

हे उठले, खण उघडला. लेक नवे सेल घेऊन तयारीनेच आली होती. यंत्र ह्यांना नीट बसवता येईना, तेव्हा तिनेच ते बसवलं. नळ ठिबकत होता, खाली कुणीतरी गाडी सुरू केली, आणि हे प्रत्येक आवाजाला दचकत होते. मग माझ्याकडे वळले. "बोल काहीतरी."

आता काय बोलणार? इतके दिवस जे जे ओरडून सांगता येत नव्हतं, ते सगळं एकदम तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं. "चहा टाकू?" मी म्हटलं. हळू.

ह्यांचे डोळे भरून आले. "अगं, हा तुझा आवाज? केवढा चिरलाय! कधीपासून गं?"

मी ओरडले की ह्यांना शब्द तेवढे पोचायचे, घसा फाटलाय हे कुठे पोचत होतं?

"तुमच्याच सेवेत गेला तो," मी म्हटलं. चांगलं भांडायचं ठरवलं होतं, पण हळू आवाजात मेलं भांडताही येत नाही. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. लेक उगाचच खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिली.

मग ह्यांनी कात्रणाची घडी घातली आणि ते खणात, यंत्राच्या जागी ठेवलं. "टाकून देत नाही हं," म्हणाले. "शहराचा अंक निघेल तेव्हा बघू."

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि सवयीप्रमाणे तिथूनच, बिस्किटं हवीत का, असं ओरडून विचारायला तोंड उघडलं. बघते तर हे माझ्या मागोमाग येऊन दारात उभे.

"ओरडू नकोस," म्हणाले. "मी इथेच आहे."