मागच्या सीटवरचे वजन

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, पण सगळीच्या सगळी जुनी नाही. माझी चार दारे, गोल दिवे, छप्पर आणि मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे सदतीस वर्षांचे आहेत. बॉनेटखालचे इंजिन मात्र दुसऱ्या गाडीचे आहे. तुमच्या आजोबांनी कवळी बसवून घ्यावी, तसे मी ते बसवून घेतले. फरक इतकाच की, आजोबांची कवळी आधी दुसऱ्या कुणाच्या तोंडात नसते.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या अनंतरावांनी मला कोरी करकरीत घरी आणले. ते कोर्टात नाझर होते. आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून आले आणि परत जायचे विसरले, असे ते हसून सांगत. दर उन्हाळ्यात देवरी-साकोलीच्या रस्त्याने मी त्यांचे सगळे कुटुंब नागपूरला नेई. ज्या मुलांच्या बारशाला मी गेले, त्यांच्याच लग्नात पुढे माझ्यावर झेंडूच्या माळा चढल्या. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक माझ्या चालीवर घड्याळ लावत, असे म्हणण्याइतकी मी गर्विष्ठ नाही, पण कौतुक खूप झाले हे खरे.

एका गोष्टीचा मला विशेष अभिमान होता. माझ्या पाट्यांना वजन कळते. मागे कोण बसले, ते मला न पाहता समजे. अनंतरावांच्या पत्नी बसल्या की उजवा पाटा अमुक इतका वाके, पोरे बसली की दोन्ही पाटे उड्या मारत. वाण्याचा तराजू चुकेल, मी चुकत नसे.

अनंतराव गेले आणि माझे दिवस फिरले. सहा वर्षे मी अंगणात ताडपत्रीखाली उभी होते. मागच्या सीटवर एक मांजर दोनदा व्याली. इंजिनात गंज शिरला, पिस्टन जाम झाले, हेडला तडा गेला. मला बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला, त्यामुळे सुटे भाग मिळेनात. घरातले म्हणू लागले की आता देऊन टाका भंगारात.

अनंतरावांचा मुलगा अच्युत मात्र ऐकेना. तो उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये यंत्रांची देखभाल करतो. जुन्या गाड्या दाबून, चौकोनी गठ्ठे करून भट्टीत कशा जातात, हे तो रोज बघतो. बाबांची गाडी सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जायला नको, एवढेच तो म्हणाला.

उरल्याच्या रस्त्यावर संघर्ष नावाच्या मिस्त्रीचे गॅरेज आहे. माणूस तरुण, हात कसबी. त्याच्याकडे सात जणांच्या व्हॅनमधून काढलेले एक इंजिन पडून होते. तेही माझ्यासारखेच मागची चाके ढकलणारे, म्हणून त्याचा गिअरबॉक्सही सोबत घेता आला. तीन महिने दर रविवारी अच्युत आणि संघर्ष माझ्याखाली आडवे पडलेले असत. इंजिनासाठी नव्या बैठकी वेल्ड केल्या, मागे जाणारा शाफ्ट कापून जोडला, टाकीत विजेचा पंप बसवला. स्टिअरिंगजवळचा माझा नखरेल गिअरचा दांडा गेला आणि तळाला भोक पाडून नवा दांडा आला. आरटीओची रीतसर परवानगी घेतली, तपासणी झाली, कागदावर नवा इंजिन नंबर चढला. सगळे कसे कायद्याने झाले.

एक गोष्ट तेवढी राहून गेली. मिलमध्ये आलेले लोखंड कुठल्या भट्टीचे, हे विचारल्याशिवाय अच्युत त्याला हात लावत नाही. पण हे इंजिन कुठल्या व्हॅनचे, ती व्हॅन कुठे गेली, हे त्याने विचारले नाही. त्याने विचारले नाही आणि संघर्षने सांगितले नाही.

दसऱ्याला माझी पूजा झाली. त्यानंतरच्या सोमवारी अच्युत पत्नीला, रमाला, कामावर सोडायला निघाला. ती शंकर नगरात रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते, आणि उपाशीपोटी रक्त द्यायला येणारे लोक सातपासूनच रांग लावतात. मोठा रस्ता खोदलेला होता, म्हणून अच्युतने मला मागच्या गल्लीत घातले. तिथे एका हिरव्या फाटकासमोर इंजिन थांबले.

मी बंद पडले नव्हते, मित्रांनो. बंद पडताना गाडी धक्के खाते, खोकते, कण्हते. हे तसे नव्हते. ड्रायव्हरने किल्ली फिरवावी तसे ते शांतपणे थांबले. मग माझ्या मागच्या डाव्या दाराचा खटका खाली गेला. दार उघडले आणि मिटले. डावा पाटा हळूच वाकला. दप्तरासकट बावीस किलो.

अच्युतला वाटले, दाराचे कुलूप सैल झाले असेल. त्याने किल्ली फिरवली, इंजिन लगेच चालू झाले, आणि आम्ही निघालो. मागे कुणीच दिसत नव्हते. वजन मात्र होते, आणि ते पाय हलवत होते, कारण पाट्याला बारीक थरथर जाणवत होती. पुढे कालव्याजवळचे वळण आले, आणि वजन गेले. ते उतरले नाही. कुणी उतरले की पाटा सावकाश वर येतो. हे एका क्षणात नाहीसे झाले आणि पाटा टणकन वर उसळला. मला तेव्हा फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, त्याच फाटकासमोर, सात वाजून दहा मिनिटांनी. संघर्षने पंप पाहिला, तारा पाहिल्या, कॉम्प्युटर लावून पाहिला. एक दोष सापडेना. चौथ्या दिवशी रमा वारंवार मागे वळून बघू लागली. शेवटी ती म्हणाली, “अहो, माझ्या सीटले मागून कोणी गुडघे टेकवून राहिलं.” अच्युतने सीटची स्प्रिंग गेली असेल म्हणून सांगितले, पण त्याचा आवाज पडला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे ती मेल्यावरही गेलेली नव्हती, हे मला कळून चुकले होते.

आठव्या दिवशी फाटक उघडले आणि एक बाई बाहेर आल्या. त्यांचे नाव विनोदिनी. केस नीट विंचरलेले, साडी इस्त्रीची, हातात छोटा डबा. त्यांनी अच्युतकडे ओळखीच्या माणसासारखे पाहिले.

“आज लेट झाला भैया,” त्या म्हणाल्या. “अनू कधीची बूट घालून बसून राहिली.”

अच्युत गोंधळला. ही माझ्या वडिलांची गाडी आहे, तुमची काहीतरी चूक होते आहे, असे तो नम्रपणे म्हणाला. विनोदिनीबाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

“गाडीचा डब्बा दुसरा आहे,” त्या म्हणाल्या. “आवाज तोच आहे. तीन वर्षं झाले, पण आवाज मी विसरीन का?”

त्यांनी मागचे डावे दार उघडले, डबा सीटवर ठेवला, कुणाच्या तरी केसांवरून हात फिरवावा तसा हवेतून हात फिरवला आणि दार लावले. पाटा त्याआधीच वाकलेला होता.

अच्युतने रमाला सोडले आणि कामावर न जाता थेट गॅरेज गाठले. संघर्षने आधी आढेवेढे घेतले, मग खाली मान घालून सांगितले. ती शाळेची व्हॅन होती. तीन वर्षांपूर्वी कालव्याच्या वळणावर एका ट्रकने तिला धडक दिली. सकाळी शाळेत जाताना. दुसरीतली एक मुलगी गेली. “गाडी खतम हो गई थी भैया,” तो म्हणाला, “पर इंजन को खरोंच भी नहीं आई. मले वाटलं, चांगल्या गाडीत लागेल तर त्याचंही बरं होईल.”

रमाने घरी निक्षून सांगितले की हे इंजिन घरात नको. संघर्षही कबूल झाला. पंधरा दिवसांत दुसरे इंजिन आणून बसवून देतो म्हणाला. तारीख ठरली. पण न सांगता काढले तर त्या बाईंच्या तोंडचा घास काढल्यासारखे होईल, असे अच्युतच्या मनाने घेतले, म्हणून तो शंकर नगरात सांगायला गेला. विनोदिनीबाईंचे यजमान शिशिर दारातच भेटले. त्यांनी हात जोडले आणि कृपा करून दुसऱ्या रस्त्याने जात चला, असे म्हटले. तेवढ्यात आतून त्या आल्या. अच्युतचे सगळे ऐकून घेतले. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत.

“काढा,” त्या म्हणाल्या. “तुमची गाडी आहे. पण एक डाव तिले शाळेपर्यंत पोचवून द्या. ती पोचलीच नाही न भैया.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रमाला आधीच सोडून अच्युत सात दहाला फाटकाशी आला. इंजिन थांबले, दार वाजले, पाटा वाकला. अच्युतने मागे पाहिले नाही. कालव्याचे वळण टाळून त्याने लांबचा रस्ता धरला आणि दुधाने काठोकाठ भरलेले पातेले न्यावे तसे मला नेले. एकेक चौक मागे पडत होता आणि वजन जागेवर होते. ते एकदम नाहीसे होईल या धास्तीने मी प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरत होते. शाळेच्या फाटकाशी अच्युत उतरला आणि त्याने मागचे डावे दार उघडून धरले. आजूबाजूला मुलांची झुंबड होती. चौकीदार त्याच्याकडे टकामका बघत होता. माझा पाटा सावकाश, अगदी सावकाश वर आला.

ती उतरली.

अच्युतला यातले काही कळायला मार्ग नव्हता. तरी त्याने डोळे पुसले. मग तो परत हिरव्या फाटकाशी गेला आणि पोचवली म्हणून सांगितले. विनोदिनीबाईंच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले की पाहणाऱ्याला वाटावे, आता सगळे संपले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

“साडेबाराले सुटते,” त्या म्हणाल्या. “आणाले जाल न?”

अच्युत फाटकाला धरून उभा राहिला. मुलीला शाळेत सोडणे म्हणजे तिला परत आणणेही आले, हे त्याच्या लक्षातच आले नव्हते. त्याने मिलमध्ये फोन करून सुट्टी टाकली. साडेबाराला आम्ही शाळेसमोर होतो. दार उघडले. घंटा झाली, मुले लोंढ्याने बाहेर आली, आणि माझा पाटा वाकला. घरी फाटकाशी तिच्या आईने स्वतः दार उघडले, दप्तर घ्यायला हात पुढे केला, आणि दोघी आत गेल्या. मला तरी दोघी गेल्यासारखे वाटले.

इंजिन काढायची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. दुसऱ्या पाळीला कुणी राजी नसते, म्हणून अच्युतने ती मागताच मिळाली. दुपारी दोनला कामावर, सकाळ आमची. पाऱ्यात लोक हसू लागले. रिकामी गाडी शाळेत नेतो म्हणून नावे ठेवू लागले. रमा रिक्षाने कामावर जाऊ लागली. अच्युतलाही शंका छळत असे. त्याला दार उघडताना, मिटताना काही दिसत नव्हते, आणि एका दुखावलेल्या बाईच्या भ्रमाला आपण खतपाणी घालतो आहोत की काय, असे तो एकटाच मोठ्याने बोले. मी सगळे ऐकत होते, पण गाडीला कुठली वाचा?

एप्रिलच्या अखेरीस शाळेला सुट्टी लागली. अच्युतने मनाचा हिय्या केला. सुट्टीतच इंजिन काढायचे म्हणजे कुणाला चुटपुट लागणार नाही. निरोप द्यायला तो गेला तेव्हा विनोदिनीबाई मशीनवर निळा फ्रॉक शिवत बसल्या होत्या. जूनला अनू तिसरीत जाणार, जुना गणवेश आखूड झाला, असे त्या सहज बोलून गेल्या. शिशिर मागे उभे होते. त्यांनी दोऱ्याचे रीळ उचलून पत्नीला दिले. अच्युत निरोप न देताच परतला आणि मला गॅरेजमध्ये घेऊन गेला.

संघर्षने मला जॅकवर चढवले. बॉनेट उघडून पाने मांडली. इंजिनाचे बोल्ट सोडण्याआधी सवयीने तो खाली वाकून सगळे तपासत गेला, आणि मागे येऊन थबकला. टॉर्च घेऊन त्याने पुन्हा पाहिले. माझा उजवा पाटा तसाच होता. डावा बोटभर बसला होता, आणि हे सहा महिन्यांत झाले होते.

“पीछे लेफ्ट में रोज कौन बैठता है, भैया?” त्याने विचारले. “पहिले कमी वजन असेल, आता वाढून राहिलं वाटते. पाटा बोलून राहिला.”

अच्युत खाली वाकला. त्याने दोन्ही पाट्यांवरून आळीपाळीने हात फिरवला. बावीस किलो होती ती दसऱ्याला. आता चोवीस आहे. हे मला आधीपासून ठाऊक होते. त्याला ते त्या दिवशी कळले.

“इंजिन राहू दे,” तो म्हणाला. “पाटा बदल. जरा मजबूत टाक. पोट्टी वाढत्या वयाची आहे.”

संघर्षने पाने परत पेटीत ठेवली. घरी रमाने सगळे ऐकले, आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी आपली सीट एक खाच पुढे सरकवून ती बसली, म्हणजे मागच्या गुडघ्यांना जागा होईल. त्या दिवसापासून ती पुन्हा आमच्याबरोबर येते.

मित्रांनो, माझ्या वयाच्या गाड्या तुम्हाला सांगतात की जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना जपा. मी माझ्यासाठी काही मागत नाही. ती आता तिसरीत आहे आणि शाळा बारावीपर्यंत आहे. म्हणजे मला अजून दहा वर्षे धावायचे आहे, आणि माझा पत्रा आता थकला आहे. शंकर नगरात दुपारी साडेबाराला शाळेसमोर एक निळी जुनी गाडी मागचे डावे दार उघडून उभी दिसली, तर तिच्यावर रेघोट्या ओढू नका, चाकातली हवा सोडू नका. दार उघडे आहे, सीट रिकामी आहे, असे वाटून त्या जागेवर तर मुळीच बसू नका. गर्दी करू नका, थोडे बाजूला व्हा आणि तिला बसू द्या. घरी तिची आई वाट बघते आहे.