काकूचं वजन

बाईंनी गव्हाणीत कोपरापर्यंत हात घातला आणि गवताचा एक ओला बोळा बाहेर काढला. मग दुसरा. तिसरा हाती आला तेव्हा त्यांनी तो पिळला, उलगडून पाहिला आणि म्हाताऱ्या घोडीकडे वळल्या.

"काकू, हे काय गं? नुसतं चघळतेस आणि टाकून देतेस?"

घोडीने एक कान हलवला. अठ्ठावीस वर्षांची ती. घोडेस्वारीच्या त्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी पहिली मांड तिच्यावरच ठोकली होती. कुणालाही न पाडण्याच्या सोशिकपणामुळे तिला काकू हे नाव पडलं होतं. गेल्या काही महिन्यांत मात्र ती झडत चालली होती. बरगड्या लांबून मोजता येत.

शाळेचा मालक बाईंचा भाचा. त्याला घोड्यावर बसायला बाईंनीच शिकवलं होतं, तेही काकूवर.

"मला काय हौस आहे का, आत्या?" तो म्हणाला होता. "तिचे हाल बघवत नाहीत. सहा आठवड्यांत अंगाने आणखी तीस किलो भरली तर ठीक. नाहीतर डॉक्टरांना बोलावून शांतपणे निजवू तिला."

"भरेल," एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

पहिले दोन आठवडे डब्यांच्या नादात गेले. दुकानदाराने एक पावडर स्नायूंसाठी दिली, एक पचनासाठी, एक अंगावरच्या तुकतुकीसाठी. बाईंनी उत्साहाच्या भरात तिन्ही एकदम सुरू केल्या. काकूचं पोट असं बिघडलं, की छातीच्या घेरावरून वजन सांगणारी फीत लावून पाहिली तर चार किलो उलटे घटलेले. आणि आता हे बोळे.

त्याच दुपारी डॉक्टर आल्या. कपाळाला दिवा बांधून त्यांनी काकूच्या तोंडात बराच वेळ पाहिलं. टोचणारी एक दाढ कानशीने घासून दिली आणि हात धुतले.

"मागच्या दाढा गुळगुळीत झाल्यात. दोन तर नाहीतच. गिरणीच बंद आहे, बाई. वरून कितीही चांगलं ओता, पीठ कुठून पडणार?"

"मग मी दळून देते," बाई म्हणाल्या.

तिन्ही डबे त्यांनी कपाटावर टाकले. क्षार आणि जीवनसत्त्वांचा, चित्राबित्राशिवायचा साधा डबा तेवढा डॉक्टरांना विचारून आणला. बीटचा वाळवलेला चोथा कोमट पाण्यात फुगवायचा. लसूणघास या चाऱ्याच्या गोळ्या भिजवून लापशी होईपर्यंत कालवायच्या. दिवसातून चार वेळा, थोडंथोडं. जवसाचं तेल दोन चमच्यांपासून सुरू केलं आणि लीद नीट दिसली तरच वाढवलं. एका वेळी एकच बदल, हे त्यांनी स्वतःला बजावलं होतं. काकू पहिले चार दिवस त्या लापशीकडे असं बघायची, जणू कुणी तिचा अपमान केलाय.

"नाक मुरडू नकोस," बाई बादली धरून उभ्या राहत. "मला वेळ आहे."

पाचव्या दिवशी बादली रिकामी झाली. दहाव्या दिवशी काकूने बादलीच चाटत ठाणभर फिरवली. बाई दर रविवारी फीत लावत आणि आकडा दारावर खडूने लिहीत. चढता.

मुदत संपली त्या दिवशी भाच्याने स्वतः फीत ओढली. मग पुन्हा ओढली.

"चौतीस! मानलं तुला, आत्या." त्याने काकूच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारपासून नवशिक्यांच्या वर्गाला लावू हिला परत."

पाठीवर हात पडताच काकूने सवयीने चारही पाय जरा फाकवले, मान खाली घातली आणि कुणीतरी चढण्याची वाट बघत ती निश्चल उभी राहिली.

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. इतके दिवस तीस किलोंच्या पलीकडचा विचारच त्यांनी केला नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"वर्गाला नाही लावायचं."

"मग तिने करायचं काय?"

"खायचं."

भाचा हसला. बाई हसत नाहीत हे लक्षात आल्यावर थांबला.

"अगं, शुक्रवारी नवा घोडा येतोय. ज्याला काम आहे त्याला ठाण नको? कुठे बांधू मी त्याला?"

बाई ठाणांच्या रांगेच्या टोकाला गेल्या. तिथलं शेवटचं ठाण म्हणजे त्यांचं ऑफिस होतं. टेबल, खुर्ची, कपाट आणि भिंतीवर शिकून गेलेल्या मुलांचे फोटो. त्यांनी फोटो एकेक करून उतरवले. खुर्ची बाहेर काढली. मग टेबलाला हात घातला. ते दारात अडकलं.

"आत्या, तू बसणार कुठे?"

"उभं राहायची सवय आहे मला."

त्यांनी पुन्हा जोर लावला. टेबल हललं नाही. भाचा थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग त्याने बाह्या सारल्या आणि टेबलाची दुसरी बाजू धरली.

"जरा तिरकं कर," तो म्हणाला.