बातमीच्या टेबलावरचा काळा फोन

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला जुना टेलिफोन आहे. रंग काळा, अंग जड, पोटात पितळी घंटा आणि छातीवर आकड्यांची गोल तबकडी. सध्या माझा मुक्काम खिडकीच्या कट्ट्यावर, एका सुकलेल्या कुंडीच्या आडोशाला असतो. तिला कुणी पाणी घालत नाही आणि मला कुणी पुसत नाही, त्यामुळे आमचे बरे जमते.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा भरल्या. मग चष्मा लावलेली एक तपासनीस आली. ती प्रत्येकाची घंटा वाजवून पाही आणि मिळमिळीत वाजणाऱ्याला परत पाठवी. माझी घंटा ऐकून ती दचकलीच. "हा मेलेल्यालाही उठवेल," ती म्हणाली. "याला कुठल्यातरी गोंगाटाच्या जागी धाडा." अशा रीतीने मी बातमीच्या टेबलावर येऊन पडलो.

गोंगाट तर विचारू नका! टंकलेखन यंत्रांची खडखड, खालच्या मजल्यावर छपाईयंत्राची धडधड, आणि त्या सगळ्यावर ताण करणारी माणसांची भांडणे. त्या टेबलावर बाईंचे राज्य होते. आलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या आणि त्यांना मथळा देऊन छपाईला सोडायचे, हे बाईंचे काम. त्यांचे नाव कुणी घेत नसे. नुसते 'बाई' म्हटले की मोठमोठे वार्ताहर चहाचा कप खाली ठेवून उभे राहत.

बातमी हातात आली की बाई चष्म्यावरून पाहत आणि विचारत, "कोण म्हणतं?" लोक म्हणतात, असे उत्तर आले की कागद परत. त्यांचा नेम साधा होता. ज्याच्याविषयी वाईट छापायचे त्याला आधी फोन करायचा आणि त्याचे म्हणणे ऐकायचे. मग तो मंत्री असो की हमाल. आणि मृत्यूच्या बातमीबद्दल त्या म्हणत, "घरी विचारल्याशिवाय आपण कुणाला मारायचं नाही."

एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी आली. वार्ताहराने डोळ्यांत पाणी आणणारा मजकूर लिहिला होता. बाईंनी माझी तबकडी फिरवली. पलीकडे खुद्द मुख्याध्यापकांनीच फोन उचलला.

"सर, तब्येत कशी आहे?" बाईंनी विचारले.

"उत्तम. का हो?"

"काही नाही, सहज."

बाईंनी फोन ठेवला आणि वार्ताहराकडे पाहिले. तो बिचारा म्हणाला, "बाई, इतकं मनापासून लिहिलं होतं हो!" त्या म्हणाल्या, "ठेव जपून. कधीतरी लागेल." सगळी कचेरी खो खो हसली. मीसुद्धा हसलो असतो, पण मला कुणीतरी वाजवल्याशिवाय आवाज काढता येत नाही.

खरे वैभव तर उलट्या बाजूने येणाऱ्या फोनांचे होते. परीक्षेचा निकाल लागला का, पाणी कधी येणार, सगळे आम्हालाच विचारायचे. एकदा धरण फुटल्याची आवई उठली आणि माझी घंटा थांबेना. बाईंनी धरणावरच्या पहारेकऱ्याला गाठले. तो म्हणाला, "बाई, मी भिंतीवरच उभा आहे. फुटलं असतं तर फोन कोणी उचलला असता?" त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला बाई सांगत होत्या, "धरण शाबूत आहे, स्वयंपाकाला लागा." आणि मित्रांनो, लोक लागत! पलीकडून एक सुस्कारा ऐकू येई, मग घरात ओरडून सांगितलेले शब्द: "अगं, पेपरवाल्यांनी सांगितलं, काही झालेलं नाही!" तो सुस्कारा ऐकून मी धन्य होत असे. मला दुसरे काही नको होते.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना बजावले, "याला इथून हलवू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग नवे मालक आले, नवे संपादक आले, टेबलावर संगणकाचे पडदे आले आणि मी खिडकीत गेलो. बोलून चालून मी वस्तू, माझा रुसवा कोण काढणार?

नव्या संपादकांना सगळे साहेब म्हणत. साहेब वाईट मनाचे नव्हते, पण भिंतीवरच्या एका मोठ्या पडद्याने त्यांना झपाटले होते. कोणती बातमी किती लोक आपापल्या फोनवर पाहत आहेत, ते त्या पडद्यावर क्षणाक्षणाला दिसे. आकडा वर गेला की साहेब खुलत आणि खाली आला की त्यांचे डोके दुखे. त्यांचा मंत्र एकच होता: "आधी टाका, मग पाहू." टाकल्यावर पाहायला मात्र कुणालाच सवड नसे.

त्यांच्या हाताखाली एक तरुण वार्ताहर होती. कचेरीत तिला सुसाट म्हणत, कारण तिची बोटे तशी चालत. मुलगी हुशार, मेहनती, आणि मनाने चांगली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. दुष्ट माणसाच्या हातून दुष्टपणा झाला तर त्याचे नवल काय!

एके सकाळी शाळेची एक बस उभ्या ट्रकवर आदळली. पुष्कळ मुले जखमी झाली आणि एक मुलगा अत्यवस्थ होता. चालक बस सोडून पळाला होता. तो प्यालेला होता असे कुणीतरी म्हणाले. सगळे शहर संतापले आणि साहेब खुर्चीतून उठले. "चेहरा हवा," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडे जाण्याआधी चेहरा हवा!"

सुसाटने तो शोधून काढला. अपघाताच्या छायाचित्रात बसचा क्रमांक दिसत होता. शाळेच्या जुन्या छायाचित्रांत तिला तीच बस सापडली, तोच क्रमांक, आणि बसला टेकून उभा असलेला, शाळेने सुरक्षित सेवेबद्दल गौरवलेला एक हसरा चालक. तिने दोन्ही क्रमांक पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. म्हणजे तिने खातरजमा केली नाही असे नाही. तिने बसची खातरजमा केली, माणसाची करायची राहिली.

चेहरा पडद्यावर गेला. वर मथळा होता, 'हाच तो मद्यधुंद चालक.' आकडा भराभर वर चढला.

थोड्या वेळाने मुलगी चुळबुळू लागली. "साहेब, शाळेत एक फोन करू का? आज गाडीवर हाच होता ना, एवढं विचारते."

साहेबांनी आपला पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघ, सगळ्यांनीच घेतलाय फोटो. इतके सगळे चुकतील का? आता कन्फर्मच आहे."

सगळ्यांनी तो कुठून घेतला होता, ओळखा पाहू! आमच्याकडून. आम्ही एक अफवा बाहेर सोडली, ती गावभर फिरून नवे कपडे घालून परत आली, आणि आम्ही तिलाच पुरावा म्हणून खुर्ची दिली. मी कट्ट्यावरून सगळे पाहत होतो. मुलगी क्षणभर माझ्याकडे वळली होती. मग साहेब म्हणाले, "पुढची टाक," आणि ती पुन्हा बसली.

दुपारी माझी घंटा वाजली.

किती दिवसांनी वाजली म्हणून आधी मला आनंदच झाला. पण कुणी उठेना. पेपराच्या शेवटच्या पानावर तळाशी माझा क्रमांक अजून छापला जात होता, कारण तो काढून टाकायचे कुणाला सुचले नव्हते. घंटा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. थांबली, पुन्हा सुरू झाली. "त्या डबड्याचं तोंड बंद करा रे कोणीतरी," साहेब वैतागले. कुणीतरी माझ्याभोवती पुसायचे फडके गुंडाळले. मेलेल्याला उठवणारी माझी घंटा फडक्याआड घुसमटत वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी सुसाट उठली आणि तिने फडके काढून मला उचलले.

"मॅडम," पलीकडचा माणूस घाईघाईने म्हणाला, "बस माझी आहे, फोटो माझा आहे, पण काल गाडीवर मी नव्हतो. माझी रजा होती. शाळेने बदली माणूस घेतला होता."

"तुम्ही कुठे होता?" तिने विचारले.

"बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिच्याजवळ बसलो होतो. हॉस्पिटलात विचारा, शाळेत विचारा. कोणालाही विचारा हो!"

"मग कालच का नाही सांगितलंत?"

"कालपासून दुसरं काय करतोय? उचलत कोण होतं?"

मित्रांनो, मला एक कान पलीकडेही असतो. त्या घरातले सगळे मला ऐकू येत होते. बाहेर आरडाओरडा चालला होता. काहीतरी खळकन फुटले. एक मुलगी रडत म्हणाली, "बाबा, खिडकीपासून लांब व्हा." आणि एक बाई सारखी विचारत होती, "काय झालं? कोणी सांगा ना, मला दिसत नाही." तिच्या डोळ्यावर पट्टी असणार.

सुसाटने तिथूनच शाळेत फोन लावला. कारकुनाने रजेचे पाहून सांगितले: रजेवरच होता, बदली माणूसच होता. एवढे कळायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. ती साहेबांकडे धावली.

साहेबांचा चेहरा उतरला, हे मी पाहिले. पण ते सावरले. "फोटो काढून टाक. गुपचूप."

"आणि माफी?"

"माफी मागितली की चूक आपली ठरते."

"आपलीच आहे, साहेब!"

"आत्ता नको. वातावरण निवळू दे."

फोटो आमच्याकडून निघाला, पण तोवर तो गावातल्या खिशाखिशात जाऊन बसला होता. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही. खरा चालक पकडला गेला, त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली, ती कुणी वाचली नाही. शाळेने त्या माणसाला घरी बसवले. त्याची चूक नाही हे शाळेला ठाऊक होते. "पण पालक तुम्हाला बघून बिथरतात," असे त्याला सांगण्यात आले. ज्या मुलांपैकी कोणाला वळणावर मळमळते हे त्याला पाठ होते, त्यांना त्याची सावली नको झाली.

सुसाट मात्र इरेला पेटली. ती रोज साहेबांशी भांडे. बोटे मंदावली, जेवण सुटले. शेवटी ती राजीनामा घेऊन उभी राहिली, तेव्हा साहेब नमले. पहिल्या पानावर, ठळक चौकटीत, 'आम्ही चुकलो.' तिने तो मजकूर स्वतः लिहिला. मी इतकी वर्षे बातम्या ऐकल्या आहेत. तेवढा स्वच्छ मजकूर बाईंच्या काळातही क्वचितच लिहिला गेला असेल.

छपाईला सोडण्याआधी तिने त्याला फोन करायला मला उचलले. अनोळखी क्रमांक तो आता घेत नसे, माझा घेई.

"काका, उद्या येतंय," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या आवाजात जीव होता! "पहिल्या पानावर. सगळं खरं खरं. तुमचा काही दोष नव्हता, असं लिहिलंय."

पलीकडे दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

"काका?"

"नका छापू," तो म्हणाला.

"अहो, पण..."

"हात जोडतो, नका छापू. माझे वडील होते ना, ते पेपरात आलंय म्हटलं की वाद थांबवायचे. आता तसं राहिलं नाही, ताई. आत्ता निम्मी गल्ली मानते की मी नव्हतो. तुम्ही छापलंत, की तेही म्हणतील, किती दिले छापून आणायला? काहीतरी मिटवामिटवी झाली असणार. तुम्ही खोटं छापलंत ते सगळ्यांनी खरं मानलं. आता खरं छापाल, तर ते खोटं ठरेल. माझं जेवढं उरलंय तेवढं राहू द्या."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"मग मी काय करू?" तिने विचारले. लहान मुलासारखी विचारत होती.

त्याने थोडा विचार केला. खरोखरच विचार केला, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "आता काही नाही," आणि फोन ठेवला.

साहेबांना कळले तेव्हा त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. त्या चौकटीच्या जागी दुसऱ्या दिवशी गाद्यांची जाहिरात छापली. सुसाटने राजीनामा दिला नाही. घरी म्हातारी आई आहे, आणि दुसऱ्या कचेऱ्यांतही असेच पडदे आहेत. ती अजून येते, टंकते, जाते. माझ्याकडे पाहत नाही. आणि तेव्हापासून माझी घंटा एकदाही वाजलेली नाही. शिव्या द्यायलासुद्धा कुणी फोन करत नाही. जिथून खरे मिळेल अशी आशा नाही, तिथे माणूस भांडायला तरी कशाला येईल?

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी 'आम्हाला जपा' म्हणायचे असते. मला जपू नका. मी भंगारात गेलो तरी कुणाचे काही अडत नाही. तुमच्या प्रत्येकाच्या घरात आता माझ्याहून शंभरपट हुशार फोन आहे. कुणाविषयी वाईट काही हाती आले, तर ते पुढे ढकलण्याआधी त्याच फोनवरून त्या माणसाला विचारा. एवढे मागतो. तुम्ही तसे कराल असे मला फारसे वाटत नाही, पण मागून ठेवतो.

तो चालक बायको-मुलीला घेऊन हे शहर सोडून गेला म्हणतात. काही जण म्हणतात, नाही, तो इथेच आहे, पण घराबाहेर पडत नाही. दोन्ही गोष्टी मी ऐकीव सांगतो आहे. खरे काय ते विचारायला इथून कुणीही त्याला फोन केलेला नाही.